कान नसलेला कप

माजलगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि भावपूर्ण श्रद्धांजली या चार खांबांवर ते उभं आहे. गिऱ्हाईक येतं आणि खुर्चीत टेकायच्या आधी सांगतं, "भाऊंचा फोटो मोठा घ्या, बाकी तुमच्या मनानं करा." मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून दोन तास बसतं आणि माझ्या मनात काय असायला हवं ते सांगतं. भाऊंच्या मागे सिंह पाहिजे. सिंहाच्या मागे सूर्य पाहिजे. सूर्यात भाऊंचे भाऊ पाहिजेत. खाली एकवीस शुभेच्छुक, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा दुसऱ्यापेक्षा नखभर लहान दिसला तर सकाळी फ्लेक्स नेमका तेवढ्या जागी फाटलेला सापडतो.

हे सगळं मी निमूटपणे करतो. मात्र दुकानाच्या पाटीवर माझ्या नावापुढे ‘बी.एफ.ए.’ अशी अक्षरं आहेत. एकदा एक म्हातारबुवा ती बराच वेळ वाचत उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "बी.ए.ला फेल झालाव हे पाटीवर लिव्हणारा मानूस मी पैल्यांदाच बघितला. लई इमानदार हायसा." मी त्यांना दहा टक्के सूट दिली.

यंदा माझ्या थोरल्या मुलीने बारावीनंतर ‘कम्युनिकेशन डिझाइन’ घ्यायचं ठरवलं. ते काय असतं हे तिने मला हातवारे करून, हळूहळू, आजोबांना मोबाइल शिकवावा तसं समजावून सांगितलं. "म्हणजे पप्पा, कोणाला, काय आणि कसं सांगायचं, याचं शास्त्र." मी मान डोलावली. हीच पदवी मी तीस वर्षांपूर्वी घेतली आहे. तेव्हा तिला उपयोजित कला म्हणायचे आणि आमच्या घरी ‘पाट्या रंगवायचं कॉलेज’ म्हणायचे.

"मग तुम्ही शेवटच्या वर्षाला काय केलं होतं?" मुलीने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "कप."

आमच्या घरात या एका शब्दावर सगळे हसतात. लग्नात, बारशात, चार पाहुणे जमले की कोणीतरी म्हणतंच, "शिवा, त्या कपाचं सांग की." मी सांगतो. पण सांगतो ती अर्धीच गोष्ट, हसण्यापुरती. उरलेली अर्धी इथे लिहितो आहे, कारण दिवाळी अंक आमच्या घरात कोणी वाचत नाही.

नव्वदीची चार-पाच वर्षं उलटली होती. देशाने दारं उघडली असं पेपरात यायचं. आमच्या गावात ती उघडलेली दारं किराणा दुकानाच्या दारावरच दिसली, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा होऊन. मी तेव्हा औरंगाबादला कला महाविद्यालयात होतो. वर्गात आम्ही वीस-बावीस जण, आणि परदेशी कंपन्या विमानातून उतरल्या की थेट आमचा पत्ता विचारत येणार याबद्दल एकाच्याही मनात शंका नव्हती. पावडर, मोटारी, थंड पेयं, सगळ्यांना चिन्ह लागणार, जाहिरात लागणार. आम्ही सोडून ती करणार कोण?

आमच्या एका सरांना सगळे मोठे सर म्हणायचे. खादीचा झब्बा, बोलणं कमी. त्यांचा सिद्धांत एकच होता. भर घालणं कोणालाही जमतं, काढून टाका. जे काढल्यावरही वस्तू ओळखू येते, ते मुळात नकोच होतं. मग आम्ही काढून टाकत सुटलो. माझ्या एका मित्राला मांजराचं चिन्ह करायचं होतं. पहिल्या आठवड्यात त्याने मिशा काढून टाकल्या, दुसऱ्या आठवड्यात शेपटी, तिसऱ्यात पाय. शेवटी तो नुसतं एक वर्तुळ घेऊन आला. सर त्या वर्तुळाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता जमायला लागलंय."

शेवटच्या वर्षी ‘कॅम्पेन’ करावं लागे. म्हणजे एक वस्तू निवडायची आणि तिचं चिन्ह, भित्तिपत्रक, पेपरातली जाहिरात, रस्त्यावरचा मोठा फलक असं सगळं एकाच सूत्रात बांधायचं. मग बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर भिंतीवर मांडून ठेवायचं आणि विचारतील त्याला उत्तरं द्यायची. वर्गमित्रांनी अत्तरं घेतली, विमान कंपन्या घेतल्या. विमानात बसलेला आमच्यात एकही नव्हता, पण कॅम्पेन पाच झाली. माझं काही ठरत नव्हतं. तशात सुट्टीला गावी आलो आणि घरातच वस्तू सापडली. ती म्हणजे माझी काकू.

आमचं गाव तेलगावच्या अलीकडे. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला लग्नाची पत्रिका पाठवतात. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. काका-काकूंनी मला वाढवलं. काका म्हणजे बसवंतआप्पा. किराणा आणि धान्याचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि ग्रामपंचायतीत जायची वीस वर्षांची इच्छा. त्या वर्षी ते उभे राहणार हे नक्की झालं होतं. पॅनेल ठरलं, जेवणावळी झाल्या, आणि नेमका आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूला चुलीपुढून बोलावलं. "अगं ये, इकडं ये. हितं सही कर."

काकूने पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. मग कागद हातात धरून ती वाचत उभी राहिली. महादेवी बसवंतआप्पा, आणि पुढे आडनाव. "माजं नाव आसं छापून येणार व्हय?" तिने विचारलं.

"येईल की."

"समद्या गावात?"

"आगं, नाव तुजं. बाकीचं मी बघतो," आप्पा म्हणाले.

पण बाकीचं सगळं आप्पांना बघू द्यायला ती तयार नव्हती, हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती म्हणाली, "निवडून आले तर गल्लीच्या टोकाला बायांसाठी संडास बांदायचे. ह्ये कागदावर लिव्हा."

आप्पांच्या हातातून सुपारी पडली. "पोस्टरवर संडास लिव्हू? लोक काय म्हनतील? विकास लिव्हू. त्यात समदं येतंय."

"विकासात बसता येत न्हाई," काकू म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. पहाटे अंधारात तांब्या घेऊन बांधावर जाणं, पावसाळ्यात तिथेच साप, आणि दिवस उजाडला की दिवसभर पोट आवळून बसणं, हे तिने लग्न होऊन आल्यापासून केलं होतं. ओढ्याच्या या बाजूच्या बांधावर आमच्या गल्लीतल्या बायका जात आणि त्या बाजूच्या बांधावर दलित वस्तीतल्या. वॉर्ड दोन्ही मिळून एकच होता. काकूला ती जागा जिंकायची होती ती एवढ्यासाठी.

तहसीलमधून चिन्ह मिळालं, कपबशी. आप्पा खूश. "च्या कोन पेत न्हाई?" मीही खूश. कपबशी म्हणजे नुसते आकार: एक अर्धवर्तुळ आणि खाली एक आडवी रेघ. माझं कॅम्पेन घरी चालत आलं होतं.

आता छाप्याविषयी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वीस-पंचवीस भिंतींवर एकसारखं चित्र हवं असेल तर रंगारी छापा करतो. जाड कागद किंवा पत्रा घ्यायचा, त्यात चित्र कापून भोक पाडायचं, तो भिंतीला धरायचा आणि वरून रंगाचा बोळा मारायचा. सगळ्यात चांगला छापा जुन्या एक्स-रेचा होतो. ओला होत नाही, धुता येतो. मी तेलगावच्या डॉक्टरांकडून चार एक्स-रे आणले. आमच्या पॅनेलचा पहिला छापा कोणाच्या तरी बरगड्यांवर कापला गेला.

छाप्यात एक अडचण असते. कपाला कान असतो, आणि कानात पोकळी. ती पोकळी कापायला गेलं की मधला तुकडा सुटून खाली पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. ते किचकट काम. माझे दोन छापे फाटले. मग तिसऱ्या वेळी मला मोठे सर आठवले. कान काढला तरी कप ओळखू येतोच की! म्हणजे कान मुळात नकोच होता. मी कान काढून टाकला. आळसाला सिद्धांताचा आधार मिळाला की माणसाला जे समाधान मिळतं, ते मला त्या दुपारी मिळालं.

गावात रफिक पेंटर होते. पंचक्रोशीतल्या पिठाच्या गिरण्या, टेम्पोची मागची बाजू, शाळेतले सुविचार, सगळं त्यांच्याच हातचं. विरुद्ध पॅनेलचं काम त्यांच्याकडे होतं आणि चिन्ह होतं शिलाई मशीन. त्यांनी मशीनच्या चाकाचे आरे रंगवले, सुई रंगवली, सुईतला दोरा रंगवला, शेजारी कात्री ठेवली आणि उरलेल्या जागेत एक शिवून तयार झालेलं पोलकं टांगलं. मी मनातल्या मनात त्यांची कीव केली. ते माझ्या भिंतीसमोर सायकल थांबवून उभे राहिले.

"आर्टिस्ट, कप का कान किधर गया?"

"चाचा, गरज न्हाई त्याची. आकार महत्त्वाचा."

"अच्छा." त्यांनी विडी पेटवली. "पकडेंगे किधरसे?"

मी हसलो. चार वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता, हे तेव्हा कळलं नाही.

आप्पांची तक्रार वेगळी होती. भिंतभर पांढरा चुना, मध्ये निळा कप, खाली बारीक अक्षरांत काकूचं नाव. आप्पा डोळे बारीक करून बघत राहिले. "येवढी जागा मोकळी कावून ठिवलीस?"

"आप्पा, मोकळ्या जागेमुळं नजर चिन्हावर जाती."

"नजर जाऊ दे की, पर चुना आपला हाय. तितं माजा फोटो टाक."

"उभी काकू आहे ना?"

"मंग माज्या बाजूला तिचा बी टाक, बारका."

फोटो टाकला नाही. संडासाचं मात्र मीच टाळलं. सूत्रात बसत नव्हतं.

दोन दिवसांत बावीस भिंती झाल्या, त्यातल्या नऊ ओढ्यापलीकडे. आमच्या गल्लीत लोक हसले. कोणी घमेलं म्हणालं, कोणी टोपली. एकाने विचारलं, "महादेवीबाई कुंभारकामावर उभ्या हायेत का?" मी त्यांना आकाराचं महत्त्व समजावून सांगितलं. ओढ्यापलीकडे कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या नऊच्या नऊ कपांवर शेणाचा सडा मारलेला होता.

"विरोधकांची कामं," आप्पा म्हणाले. काकू प्रचाराला तिकडे जाऊन आली, तर बायका दारं पुढे ओढून आत बसल्या होत्या. परत येऊन ती म्हणाली, "माज्या तोंडाकडं बी बघंनात बाया. मी काय केलंय त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई आली. गयाबाई वस्तीतली. आमच्या दुकानाचं धान्य निवडायला, पाखडायला ती एकोणीस वर्षं येत होती. ओट्यावर बसायची, सूप हातात घेतलं की दुपारपर्यंत मान वर करायची नाही. काकूने तिला सरळ विचारलं. "गया, खरं सांग. काय झालंय वस्तीत?"

"मी कशाला सांगू, आक्का."

"तुला शपथ हाय माजी."

गयाबाईने सूप खाली ठेवलं. उठली. ओट्याच्या कडेला बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात हात घालून तिने तिचा कप काढला आणि आमच्या दर्शनी भिंतीवर मी रंगवलेल्या कपाशेजारी धरला. जाड पांढरा कप, बूड थोडं रुंद. कान तुटलेला. कान होता तिथे दोन बारीक टोकं, घासून घासून बोथट झालेली.

दोन्ही आकार एकच होते. माझी रेघ त्याच वळणाने गेली होती, अगदी बुडाच्या रुंदीसकट.

"लेकरा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमचा कप भितीवर कावून काढलास?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यासारख्या घरांत कपाचा कान तुटला की तो कप फेकून देत नसत. तो घरातून बाहेर कोनाड्यात जाई. कामाला येणाऱ्या, वस्तीतल्या माणसाला त्यात वरून चहा ओतायचा. त्याने पिऊन झाल्यावर आपला आपण धुवायचा आणि पुन्हा तिथेच पालथा घालायचा. घरातल्या कपांत तो कधी मिसळायचा नाही. गावातल्या हॉटेलात अशा कपांची वेगळी फळी होती. मी हे जन्मापासून रोज बघत होतो, म्हणजेच कधीही बघितलं नव्हतं. आणि कागदावर निव्वळ शुद्ध आकार शोधायला बसलो तेव्हा माझ्या हाताने नेमका तोच काढला.

"वस्तीतली पोरं म्हनतेत," गयाबाई म्हणाली, "आक्का आत्तापासूनच भितीवर लिव्हून सांगायलीत. निवडून आल्याव बी तुमचा कप ह्योच."

"गयाबाई, तसं न्हाई वो," मी घाईघाईने सुरू केलं. "छाप्यातून कानाची पोकळी कापली की मधला तुकडा पडतो, आणि सर म्हणतात—"

"तू गप बस बे," काकू म्हणाली. काकूच्या तोंडून ‘बे’ मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

ती आत गेली. एकोणीस वर्षं रोज दोनदा तो चहा तिनेच ओतला होता, हात उंच धरून. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घरातली कपबशी होती, निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठीची. तिने ती ओट्यावर गयाबाईपुढे ठेवली.

गयाबाईने हात लावला नाही. म्हणाली, "निवडणुकीपुरतं नगं, आक्का. धा दिसांनी परत ह्यातच पेयाचा म्हंजी नवी सवय मोडायचा तरास. हाय त्येच बरं हाय." आणि काकूकडून आपल्याच कपात ओतून घेऊन ती प्यायली. निळ्या फुलांची बशी तिने बोटाने काकूकडे सरकवली.

आप्पांना झाला प्रकार कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, पण त्यांचं डोकं मतांच्या बाबतीत तल्लख होतं. "कान लाव! बाविसच्या बावीस भितींवर आजच्या आज कान लाव!" त्यांनी रफिकचाचांना विरुद्ध पॅनेलच्या दीडपट मजुरी कबूल केली. चाचांनी तत्त्व म्हणून थोडा वेळ विचार केला आणि ब्रश उचलला. मी मागून डबा धरून चालत होतो. त्यांनी प्रत्येक कपाला असा कान दिला की त्यात अख्खा पंजा जावा. वर वाफ काढली. बशीत दोन बिस्किटं ठेवली. "कान ऊपरवालेने सबको दिया," ते म्हणाले, "तू कौन होता काटनेवाला?"

तोपर्यंत काकू ओढ्यापलीकडे निघाली होती. फक्त गयाबाईबरोबर. आप्पांनी दोन माणसं मागे पाठवली, तिने ती परत पाठवली. तिकडच्या भिंतींना कान लावायचे म्हणून मी आणि चाचा मागून पोचलो, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लिंबाच्या पारावर दहा-बारा बायका बसल्या होत्या. काकू उभीच. एक तरणी सून म्हणाली, "काय आक्का, कान लावायला आलात?" बायका हसल्या.

"व्हय," काकू म्हणाली. "पोरगं तर येडं हाय. पर त्यानं काढलं त्ये माज्याच घरातलं हाय. माजंच चुकलं."

मग त्याच सुनेने विचारलं, "च्या घेनार?"

प्रश्न साधा होता आणि सगळ्यांना माहीत होतं की तो साधा नाही. काकू पाराच्या कडेला बसली. चहा आला, कान असलेल्या कपात, बशीसकट. कप उचलताना थोडा बशीत सांडला. धीराची बाई म्हणून तिचं कौतुक करायला मला आवडलं असतं, पण ती घाबरलेली होती. तिला शिवाशिवीची भीती होती, गल्लीची होती, आप्पांची होती, आणि तरी ती प्यायली, बशीत सांडलेलासुद्धा. मग पदराने तोंड पुसून तिने विषय काढला, संडासाचा. त्या दिवशी पारावर प्रचार असा झालाच नाही. कोणत्या बांधावर साप निघतो, पोटुशा सुनेला पहाटे सोबत कोण जातं, दार आतून लागलं पाहिजे की नाही, यावर तासभर बायका बोलत होत्या. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात सांगणारा आणि ऐकणारा यांच्याबद्दल पुष्कळ होतं. यातलं काही नव्हतं.

ती ओढा ओलांडून परत यायच्या आत बातमी आमच्या गल्लीत पोचली. त्या दिवसापासून शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्या. आमच्या समाजाच्या मठातल्या एका ज्येष्ठांनी आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा परत आले आणि जेवले नाहीत.

काकू नऊ मतांनी पडली. ओढ्यापलीकडची सगळी मतं तिला पडली असती तर ती आली असती. सगळी पडली नाहीत. मी गयाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी दिलं. दुसऱ्यांचं मी कावून सांगू? एका च्यात एकोनीस वर्स इसरायची का?" पण त्याहून जास्त मतं कमी झाली ती आमच्याच गल्लीतली. आप्पांनी ओट्यावर बसून घर घर मोजलं आणि म्हणाले, "शिवाचा कप आन तुजा च्या, दोगांनी मिळून पाडलं मला." हो, मला, असंच म्हणाले.

काकू आत जाऊन रडली. संडासासाठी रडली की छापून आलेल्या नावासाठी, ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गयाबाई नेहमीच्या वेळेला आली. त्या सकाळी आमच्या गल्लीत झाडायला, दात घासायला, म्हशीला पाणी पाजायला सगळी एकाच वेळी बाहेर आली होती. चहाची वेळ झाली. गयाबाईने सवयीने कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता. काकू निळ्या फुलांची कपबशी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "निवडणूक झाली. धर."

गयाबाईने तिच्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं. मग बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायली. कप धुवायला उठली तर काकूने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आत नेऊन घरातल्या कपांत ठेवला. आप्पांनी ते पाहिलं. तेव्हापासून त्यांनी कप सोडला. शेवटपर्यंत स्टीलच्या पेल्यात चहा प्यायले आणि पाहुण्यांना सांगत राहिले की स्टीलमध्ये तो जास्त वेळ गरम राहतो.

परीक्षेसाठी मी औरंगाबादला निघालो तेव्हा काकूने जुन्या फडक्यात गुंडाळून काहीतरी माझ्या पिशवीत ठेवलं. कान तुटलेला कप. "तुज्या मास्तरांला दाव," ती म्हणाली. "तुजी रेघ कुटून आली त्ये सांग त्यांला."

मी ठरवलं होतं, सांगायचं. आधी कान नसलेल्या कपाचं पोस्टर लावलं, शेजारी कानाच्या भिंतींचे फोटो. बाहेरून आलेले परीक्षक पोस्टरसमोर थांबले. चष्मा वर केला. "सुंदर. किती शुद्ध आकार आहे. कसा गाठलात?"

कप माझ्या पायाशी पिशवीत होता. मोठे सर शेजारी उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अभिमानाने बघत होते.

"एकेक तपशील काढत गेलो, सर," मी म्हणालो.

"वा. मग हा कान नंतर का आणला? आणि ही वाफ? ही बिस्किटं? सगळं बिघडवलंत की."

"क्लायंटचा आग्रह होता, सर," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य मी नंतर हजारो वेळा वापरलं. पहिल्यांदा वापरलं ते काकूबद्दल.

परीक्षक सहानुभूतीने हसले. मला वर्गात पहिला नंबर मिळाला.

घरी आलो तेव्हा काकू ओट्यावर गयाबाईबरोबर ज्वारी निवडत बसली होती. मी पिशवी खाली ठेवली. तिने फडक्याची गाठ बघितली. तिनेच बांधलेली होती, तशीच होती.

"दावला न्हाईस?"

"न्हाई."

"काय म्हनले मास्तर?"

"त्यांला बिनकानाचाच आवडला. कान लावून बिघडवलं म्हणाले."

काकूने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "मंग त्यातच च्या द्यायचा हुता की त्यांला," ती म्हणाली.